पिवळा गहू आणि नसलेली रेघ

एकाच जागी वीस-बावीस वर्षं नोकरी केली की माणसाकडे दोनच गोष्टी साठतात. गुडघेदुखी आणि किस्से! गुडघ्यांकडे निदान डॉक्टर बघतात. किश्श्यांकडे कुणी बघत नाही, म्हणून ते वाढत जातात. मग लग्नात शेजारी बसलेली बाई सहज विचारते, "तुम्ही त्या गव्हाच्या केंद्रावर नक्की काय करायचात हो?" आणि मी सुरू होते. सांगून सांगून मलाच कंटाळा आलाय, पण तोंड बंद होत नाही.

आमचं केंद्र खोडदच्या अलीकडे, फाट्यावरून आत. थोडं रान, एक पत्र्याची शेड आणि एक प्रयोगशाळा. प्रयोगशाळा म्हणजे पूर्वीचं खताचं गोदाम. पावसाळ्यात अजूनही युरियाचा वास यायचा. ओगले सर आमचे साहेब, म्हणजे गव्हाचे नवे वाण तयार करणारे शास्त्रज्ञ. मी त्यांची प्रयोगशाळा सहायक. हौसाबाई रोजंदारीवर. बबन शिपाई, तोच ड्रायव्हर आणि वेळ पडली तर वायरमन.

सरांचं मागणं एकच होतं. रिटायर व्हायच्या आत आपल्या हातचा, तांबेरा न पडणारा एक वाण शेतकऱ्याच्या रानात उभा राहिलेला बघायचा. "एकच बास, बाई. दुसरा मागणार नाही," असं ते म्हणायचे. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांचे केस काळे होते.

आता आमचं काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एखाद्या रोपात तांबेऱ्याला, म्हणजे पानांवर विटकरी भुकटी उठवणाऱ्या रोगाला, तोंड द्यायची ताकद आहे की नाही, हे बघून कळत नाही. रोग येईपर्यंत थांबावं लागतं. पण गव्हाच्या दाण्यात एन्झाइम असतात आणि ते जातीजातीत किंचित वेगळे असतात. दाण्याचा रस जेलमध्ये घालून वीज सोडली आणि वरून रंग दिला की त्या एन्झाइमच्या रेघा उमटतात. सरांनी एका रानगवताकडून आलेली तांबेऱ्याची ताकद आपल्या गव्हात आणली होती. ती ज्या दाण्यात असेल, त्यात एक ठराविक रेघ उमटायची नाही. म्हणजे आम्ही काय शोधायचो? नसलेली रेघ! सासरी हे समजावता समजावता माझी दोन बाळंतपणं झाली.

*

पहिला वाण तयार झाला तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. तांबेऱ्यात हिरवागार उभा राहिला. एकरी उताराही चांगला. सर पिठाची पिशवी मांडीवर घेऊन जीपमधून पुण्याला मोठ्या कमिटीपुढे गेले. मी बरोबर होते.

तिथे चपात्या लाटल्या. तव्यावर टाकल्या आणि सगळे तव्यावर वाकले. चपात्या पिवळ्या! हळद घातल्यासारख्या. त्या रानगवताने तांबेऱ्याची ताकद दिली होती, तिच्या शेजारी पिठाचा पिवळा रंगही चिकटून आला होता.

कमिटीचे अध्यक्ष चपाती उलटीपालटी करून म्हणाले, "ओगले, ही चपाती आहे की पिठलं?"

सगळे हसले. सरही हसले. वाण नापास झाला. परत येताना वाटेत पेठ गावात जीप थांबवून आम्ही चहा घेतला तेव्हा सर म्हणाले, "बाई, ताकद ठेवायची आणि पिवळेपणा काढायचा. हजारात एखादा दाणा असेल, ज्यात हे दोन्ही सुटे झालेत. तो शोधू."

"किती दिवस लागतील, सर?"

"दोन हंगाम," सर म्हणाले. लागली बारा वर्षं.

*

जेल करायचा असतो स्टार्चचा. परदेशी पुस्तकात लिहिलं होतं, उकळताना सतत ढवळा. मी ढवळलं. गाठी झाल्या. पुन्हा ढवळलं, पुन्हा गाठी. आठ दिवस मी स्टार्च वाया घालवत होते आणि सर पुस्तकाचं तेच पान पुन्हा पुन्हा वाचत होते.

हौसाबाई दारात गहू निवडत बसली होती. तिला राहवेना. "बाई, कुरडयांचा चीक कवा शिजवला न्हाई का? एकाच अंगानं ढवळायचं. हात उलटा फिरवला की गाठी व्हनार."

तिने पदर खोचला, पळी घेतली आणि काचेसारखा नितळ जेल ओतला. सरांनी त्या दिवशी पुस्तकाच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं: 'एकाच दिशेने. हौसाबाई.'

पुढे पुण्याहून एक बाई ट्रेनिंगला आल्या. पुस्तक चाळताना विचारू लागल्या, "हौसाबाई म्हणजे कुठल्या युनिव्हर्सिटीच्या?"

*

पुढचा किस्सा माझा. सांगायला लाज वाटते, पण बबन सांगणारच, म्हणून मीच सांगते.

आम्ही दाणा अर्धा कापायचो. एका अर्ध्यात कोंब असतो, तो अर्धा नंबर घालून ट्रेमध्ये जपून ठेवायचा. दुसऱ्या अर्ध्यात नुसतं पीठ, ते चिरडून जेलमध्ये घालायचं. म्हणजे तपासणीही होते आणि चांगला निघाला तर तोच दाणा पेरताही येतो. कापायचं काम हौसाबाईचं. ती कोंबाच्या बाजूला 'बाळ' म्हणायची आणि पिठाच्या बाजूला 'पोट'.

तिच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि ती पंधरा दिवस गेली. मी म्हटलं, त्यात काय मोठं, मी कापते! तीन दिवस मान मोडून कापले. नंबर घातले, ओळीने मांडले, चिरडले, रेघा बघितल्या. निवडक अर्धे दाणे ओल्या वाळूत पेरले.

सर रोज सकाळी भिंग घेऊन यायचे. "आज उद्या फुटतील," म्हणायचे. पाणी घालायचे. बारा दिवस घातलं.

हौसाबाई आली. ट्रेपाशी वाकली, वाळूतला एक दाणा नखाने उकरला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, पोटं पेरलीत व्हय?"

त्या हंगामाची सगळी बाळं मी चिरडून जेलमध्ये घातली होती! मी शेडच्या मागे जाऊन रडले. सर मागून आले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी करू." एवढंच. त्यांनी ओरडायला हवं होतं. ते ओरडले नाहीत, म्हणून ते वर्ष माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

*

विजेचं तर विचारूच नका. जेलमध्ये वीज पाच तास सलग लागते आणि आमच्याकडे ती सलग दोन तास राहिली तर आम्ही एकमेकांना टाळी द्यायचो. एकदा सरांनी वीज मंडळाच्या वायरमनला फोन लावला. "अहो, लाइट कधी येणार? आमचा गहू आत आहे."

पलीकडून आवाज आला, "साहेब, गव्हाला लाइट कशाला लागती? तो काय पुस्तक वाचतोय का?"

सरांनी फोन ठेवला. "मुद्दा बरोबर आहे," म्हणाले.

आणि लाइट आली तर दुसरीच पीडा! एकदा दोघं जण जीप घेऊन दारात आले. जीपवर अँटेना, हातात कसलंसं यंत्र. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या थाळ्यांमधून आकाशातलं ऐकणारी ही माणसं. म्हणाले, या भागातून कुठूनतरी खरखर येते आहे, शोधत शोधत आलो. यंत्र फिरवत फिरवत ते आमच्या जेलच्या पॉवर सप्लायपाशी येऊन थांबले. तो बबनने वायरी पिळून दुरुस्त केलेला होता.

"तुम्ही काय करता इथे?" त्यातल्या एकाने विचारलं.

"एक रेघ शोधतो," सर म्हणाले. "नसलेली."

तो मनुष्य मिनिटभर जेलकडे बघत राहिला. मग खुर्ची ओढून बसला. "आमचंही साधारण असंच चालतं," म्हणाला. दोघांनी चहा घेतला आणि पॉवर सप्लाय स्वतः नीट करून दिला. गेल्यावर बबन म्हणाला, "एवढ्या लांबचं ऐकू येतं, तर लाइट कवा येनार ते विचारायला पायजे व्हतं राव!"

*

एक दिवस मी जेल रंगातून काढला आणि बघते तर काय, एकाही दाण्यात ती रेघ नाही! सगळेच्या सगळे तांबेऱ्याला पुरून उरणारे. मी सरांना हाक मारली. सरांनी भिंग लावलं, चष्मा पुसला, पुन्हा भिंग लावलं. मग बबनला नारायणगावला पिटाळलं आणि पेढे आणवले. पुण्याला एसटीडी फोन झाला. आवाज एवढा मोठा की फोनची गरजच नव्हती.

सगळ्यांचे पेढे खाऊन झाल्यावर मी जेल फेकायला गेले आणि कडेचा रकाना दिसला. तिथे आम्ही नेहमी एक साधा लोकल गहू घालतो. तो तांबेऱ्याने हमखास मरतो, त्याची रेघ ठळक यायलाच हवी. त्याचीही रेघ नव्हती.

"सर," मी म्हटलं, "आपला लोकलही सुधारला."

रंगाची बाटली बघितली. मुदत केव्हाच संपलेली. सर खुर्चीत बसले. बबनने हळूच विचारलं, "पेढं परत मागायचं का?"

पुण्याला दुसरा फोन मी केला.

*

आता हा किस्सा हसण्यावारी नेऊ नका.

आमच्या धंद्यात एक विचित्र गोष्ट आहे. सगळं जग तांबेरा येऊ नये म्हणून देवाला हात जोडतं आणि आम्ही तो यावा म्हणून वाट बघतो. तो आलाच नाही तर आमच्या गव्हाची परीक्षा कशी व्हायची? म्हणून सर केंद्राच्या रानात मुद्दाम तांबेरा आणायचे. आजारी पानं पाण्यात कुस्करून ते पाणी फवारायचे. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघायचे, सरकारी माणूस रोग फवारतोय!

एका वर्षी थंडी लांबली, ढगाळ राहिलं आणि सगळीकडेच तांबेरा पडला. पेठ गावचे एक शेतकरी, तुकाराम भाऊ, सकाळी सकाळी केंद्रावर आले. हातात गव्हाची पानं. त्यांनी सरांपुढे धरली. बोटं विटकरी झालेली.

सरांनी पान उजेडात धरलं आणि तोंडातून निघून गेलं, "वा! काय सुंदर उठलाय!"

तुकाराम भाऊ बघतच राहिले. "सायेब, माझं समदं रान गेलं, आन् तुमी वा म्हनताय?"

सरांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी बघितला नव्हता आणि नंतर एकदाच बघितला. दुसऱ्या दिवशी बबनला घेऊन पेठला गेले, पाठीवर पंप घेतला आणि दिवसभर स्वतः औषध फवारलं. उशीर झाला होता, फारसं हाती लागलं नाही. तुकाराम भाऊंनी जेवू घातलं आणि एवढंच म्हणाले, "सायेब, तुमचा त्यो गहू लवकर काडा बगा."

सर परत आले आणि त्या दिवसापासून रविवारीही प्रयोगशाळेत यायला लागले. मग मलाही यावं लागलं. माझ्या नवऱ्याचं तांबेऱ्याबद्दलचं मत मी इथे लिहीत नाही.

*

दोन हजार साल उलटलं आणि पुण्याहून एक तरुण अधिकारी आले. गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप. मी जेल ओतत होते. म्हणाले, "मॅडम, तुम्ही अजून एन्झाइमच्या रेघा बघता? आता सगळं डीएनएवर चालतं. हे म्युझियममध्ये ठेवायला हवं."

"जेल की मला?" मी विचारलं.

ते हसले, पण बातमी खरी होती. सर रिटायर झाले की ही योजना बंद. नवा माणूस मिळणार नाही, प्रयोगशाळेला कुलूप. सरांच्या हातात तीनच वर्षं उरली होती.

आणि मग तो दाणा सापडला. कुठल्याशा मंगळवारी, भर दुपारी, कुणी अपेक्षा करत नसताना. रेघ नाही, कडेच्या लोकलची रेघ ठळक, रंगाची बाटली नवी आणि कापलेला अर्धा दाणा पांढराशुभ्र. मी तीनदा बघितलं. हौसाबाईला दाखवलं. ती म्हणाली, "बाळ हाय ना जाग्यावर? मंग बोला सायबाला." आम्ही पेढे आणले नाहीत. कुणात उत्साहच नव्हता, खरं सांगायचं तर भीतीच वाटत होती.

तो अर्धा दाणा कुंडीत पेरला. कुंडी सरांच्या टेबलावर, खिडकीपाशी. एका रोपाची राखण करायला चार माणसं! बबन चिमण्यांना हाकलायला काठी घेऊन बसायचा. पुण्याहून पाहुणे आले की त्यांना कुंडीपासून लांब बसवायचो. चार ओंब्या आल्या. त्यातून ओळ, ओळीतून वाफा.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

सरांच्या रिटायरमेंटच्या महिन्यात केंद्रावर शेतकरी मेळावा घेतला. पांढऱ्या गव्हाचा वाफा तांबेऱ्यात हिरवा उभा होता. कमिटीची मान्यता अजून यायची होती, पण सरांना लोकांना दाखवायचा होता. आदल्या हंगामाच्या पिठाच्या चपात्या हौसाबाईने लाटल्या. बायकांनी खाल्ल्या, मोडून बघितल्या, म्हणाल्या, "चांगल्या हायेत. मऊ हायेत. आपल्यासारख्याच हायेत." सर प्रत्येकीजवळ जाऊन विचारत होते, "पिवळ्या नाहीत ना?" बायकांना काही समजेना. पिवळ्या कशाला असतील?

सगळे पांगायला लागले तेव्हा मागच्या रांगेतली एक म्हातारी पुढे आली. भीमाबाई. बारा-तेरा वर्षांपूर्वी दोन हंगाम आमच्याकडे कापणीला होती. घोडेगावच्या वरच्या डोंगरातली. दोन एस.टी. बदलून आली होती. सायेब रिटायर होतायत, असं कुणाकडून तरी कळलं म्हणून. तिने फडकं सोडलं. आत शेवया. सोन्यासारख्या पिवळ्या.

"सायेब, तुमच्यासाटी. लई दिस मनात व्हतं."

सरांनी हातात घेतल्या. "रंग घातलाय का यात?"

"रंग कशाला? तुमचाच गहू हाय की त्यो!"

"आमचा?"

"तुमी न्हवतं का दिलं? पुन्याला गहू नापास झाला, आन् तुमी रागानं म्हनला, ह्यो घिऊन जा, कोंबड्यान्ला घाला."

मला एकदम आठवलं. त्या वर्षी सरांनी गोदाम रिकामं करायला लावलं होतं. मापटं-मापटं करून मजूर बायकांना वाटला होता.

"मग?" सरांनी विचारलं.

"आमच्याकडं कोंबड्या न्हवत्या," भीमाबाई म्हणाली. "म्हून पेरला. भात काडला की त्याच खाचरात. आता वरच्या पाच गावांत ह्योच गहू आस्तो. लग्नाच्या रुखवतात पिवळ्या शेवया न्हाई ठिवल्या तर पावणं नावं ठिवत्यात."

सर खुर्चीत बसले. एका हातात शेवया, दुसऱ्या हातात अर्धी पांढरी चपाती. मला सरांकडे बघवेना.

त्यांनी चपाती मांडीवर ठेवली आणि विचारलं. आवाज इतका बारीक की म्हातारीला वाकावं लागलं.

"आणि तांबेरा?"

"त्यो दुसऱ्या गव्हावर पडतो की, दर साल. ह्याच्यावर न्हाई."

"एकदाही नाही? एवढ्या वर्षांत?"

"न्हाई बा."

सरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भीमाबाई घाबरली. आपलं काही चुकलं असं वाटून तिने शेवयांचं फडकं पुन्हा बांधायला घेतलं आणि हळूच विचारलं,

"का वो, सायेब? पडाया पायजे व्हता का?"